शेषरावकाकांचं पाव्हणं

शेषरावकाका भेटले की "कसा आहेस" असं विचारत नाहीत. "गोळी कोणती चालूय?" असं विचारतात. बीपी, शुगर, गुडघे, काहीही सांगा. "मुदत संपली की फेकू नको, मला दे," हे ठरलेलं.

शेंद्र्याच्या एका औषधांच्या कारखान्यात आम्ही दोघं सांडपाण्याच्या प्लांटवर असतो. ते ऑपरेटर, शिक्षण नववी. मी केमिस्ट, आमच्या घरातला पहिला बी.एस्सी.; हे मी सांगतोच, त्यात लाजायचं काय. प्लांटमागं काकांचं एक पिंप आहे. त्यात गव्हाचा भुसा आणि भुशावर वाढलेली पांढरी बुरशी. पाण्यातलं जे औषध टाक्यांतल्या जिवाणूंना पचत नाही, ते ही बुरशी खाते. काका तिला पाव्हणं म्हणतात. लोकांकडून आणलेल्या गोळ्या पाण्यात विरघळवून तिला चारतात. भुसा मात्र मोजून. "लाड नाय करायचे. जरा उपाशी ठेवलं की मंग कडू बी खातंय."

एकदा कॅन्टीनच्या मंदाताईंनी पिंपात उगवलेल्या छत्र्या भाजीसाठी खुडल्या. काका धावत कढईपाशी गेले. "अवो ताई, बीपीच्या गोळ्यांवर वाढलंय ते."

"मग बरंच की. मॅनेजरसाहेबाला वाढते."

गेल्या महिन्यात याच साहेबांनी बजावलं, फिटच्या गोळीवर चाचणी करून दाखवा, नाहीतर पिंप भंगारात. ते औषध पाण्यातून सहजी जात नाही, आणि आमच्याकडं ते बनतही नाही. मी क्रांती चौकातली चार मेडिकल फिरलो. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणी देईना. हात हलवत परत आलो.

काकांनी शर्टाच्या खिशातून एक चुरगळलेली पट्टी काढली. अक्षरं पुसलेली, चार गोळ्या शिल्लक.

"तुझ्या काकीची. बाजारात, लग्नात, कुठं बी फिट यायची तिला. म्हणून जवळ ठेवायचो."

काकी जाऊन तीन वर्षं झाली. साऱ्या कॉलनीकडं गोळ्या मागणाऱ्या माणसाच्या खिशात ही पट्टी रोज कामावर येत होती.

चारही गोळ्या पाण्यात विरघळवून ते पाणी पिंपात सोडलं. आठवड्यानं मी तपासलं, तर निम्म्याहून जास्त औषध गेलेलं. साहेबांनी सही केली. पिंप राहिलं.

काकांना सांगितलं. त्यांनी झाकण उघडून ओंजळभर भुसा टाकला. मग आणखी एक ओंजळ.

"काका, उपाशी ठेवायचं ना?"

"तुझ्या काकीचं पाव्हणं हाय आता. उपाशी ठेवू व्हय?"