दहा मिलिमीटरचा हॉल

गोकुळच्या दिवाणावर दोन लेन्स शेजारी शेजारी ठेवल्या होत्या आणि त्यांतली कुठली ठेवायची, या विचारानं त्याच्या डोक्याचा पार भुगा झाला होता. आजवर लग्नं, बारशी आणि निवृत्तीचे सत्कार यापलीकडे त्याचा कॅमेरा गेला नव्हता. आता अमृता मॅडम नावाच्या एका इंटिरिअर डिझायनरनं त्याला स्वतः सजवलेल्या घरांचे फोटो काढायचं काम देऊ केलं होतं. खोलीत उभं राहून खोली टिपायची, तर त्याच्या नेहमीच्या लेन्सला अर्धा सोफा आणि एक कुंडी यापलीकडे काही दिसत नसे. औरंगपुऱ्यातल्या दुकानदारानं जुन्या ओळखीवर दोन वाईड लेन्स त्याच्या हातात ठेवल्या होत्या. "दोनो ले जाव, घर में खींच के देखो. सोमवार कू एक वापस लाव," असा त्याचा सरळ हिशेब.

एक लेन्स सोळा मिलिमीटरची होती, दुसरी दहाची. या धंद्यात आकडा जितका लहान तितकं फोटोत जास्त मावतं, एवढं गोकुळला ठाऊक होतं. जास्त म्हणजे किती, हे ठाऊक नव्हतं.

गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटचा हॉल हा म्हणायचं म्हणून हॉल होता. दिवाण टाकला की टीव्हीसमोरून कुणी जाताना बसलेल्यानं पाय वर घ्यायचे, असा घरचा रिवाज होता. फ्रीज स्वयंपाकघरात मावत नव्हता, म्हणून तोही हॉलमध्येच पाहुण्यासारखा उभा होता. घरात माणसं दोनच, गोकुळ आणि त्याची आई द्वारकाबाई, म्हणून निभत होतं. गोकुळ कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि दोन्ही लेन्सनी त्यानं हॉलचे फोटो काढले.

सोळाच्या लेन्समध्ये हॉल होता तसा, जरा ऐसपैस दिसला. दहाच्या लेन्समध्ये मात्र त्याचं मंगल कार्यालय झालं. दिवाण शेताच्या बांधासारखा लांबच लांब गेला, टीव्ही पार पलीकडच्या गावाला जाऊन बसला आणि कडेला आलेला फ्रीज ताणून ताणून चांगला दोन दारांएवढा रुंद झाला. द्वारकाबाईंनी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला.

"एवढी जागा व्हती, तर मी इतकी वर्षं पाय आखडून का बसले रे?" त्या म्हणाल्या.

गोकुळ हसला आणि इथंच त्याची चूक झाली. कुठला फोटो बरा वाटतो, म्हणून त्यानं दोन्ही फोटो घरच्या ग्रुपवर टाकले.

त्या ग्रुपवर गंगापूरचे सांडूमामा होते, आणि सांडूमामा तेव्हा गोकुळची सोयरीक जुळवण्याच्या कामात आकंठ बुडालेले होते. गंगापूरकडच्याच पुंडलिकरावांची मोनिका चितेगावच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला होती. महिन्यापूर्वी मामांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला होता. तिथं मोनिकानं गोकुळला कॅमेऱ्याबद्दल तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं खरंच ऐकून घेतली. आजवर गोकुळचं बोलणं कुणी एवढं ऐकून घेतलं नव्हतं, त्यामुळे तो त्या दिवसापासून कामातून गेला होता. हे स्थळ हुकलं तर दुसरी मुलगी बघायचीच नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. आता राहिलं होतं ते एवढंच, की येत्या रविवारी मुलीकडच्यांनी घर बघून जायचं.

मामांनी ग्रुपवरच्या दोन फोटोंतला मोठा हॉल निवडला आणि एका अक्षरानं न विचारता पुंडलिकरावांना पाठवून दिला.

शुक्रवारी मामांचा फोन आला. पाव्हणे लई खूश आहेत, पाचजण येणार होते ते आता दहा येतील, असं ते म्हणाले. संध्याकाळी पुन्हा फोन आला. हॉल एवढा मोठा असताना कार्यालय कशाला बघायचं, सुपारी तिथंच फोडून घेऊ असं ठरलं होतं. भावकी तीन जीपा भरून येणार होती. गोकुळनं डोकं धरलं. मामा, तो फोटो लेन्सचा आहे, खोली तेवढी नाहीच, असं त्यानं परोपरीनं सांगितलं. मामांना ते समजायला वेळ लागला, पण समजल्यावर मात्र ते घाबरले.

"आता सांगितलं तर फसवलं म्हनतील, गोकुळ्या," मामा म्हणाले. "तू गप ऱ्हा. हॉल मोठा करायचं बघ."

हॉल मोठा कसा करतात हे मामांनी सांगितलं नाही. मायलेकांनी शनिवारी दिवाण उचलून गच्चीत नेला. फ्रीज शेजारच्या लीलाबाईंकडे ढकलला, टीव्ही भिंतीवरून उतरवून पलंगाखाली सारला. एवढं करून खोली मोठी झाली नाही, नुसती रिकामी झाली. घर सोडून चाललो आहोत, असं द्वारकाबाईंना उगाच वाटायला लागलं.

रविवारी मामांसकट जीपा आल्या. पहिल्या जीपमधली माणसं आत येऊन बसली आणि हॉल भरला. दुसऱ्या जीपमधली भिंतींना टेकून उभी राहिली. तिसरीतली जिन्यातच थांबली, कारण पुढं सरकायला जागा नव्हती. मोनिका आली होती. ती दाराशी आत्याच्या मागं उभी होती आणि तिचा चेहरा उतरलेला होता.

पाहुणे पाणी प्यायले आणि वाट बघत बसून राहिले. ते कशासाठी थांबलेत, हे गोकुळला कळेना. शेवटी पुंडलिकरावांनी घसा साफ केला आणि अदबीनं विचारलं, "मग, हॉलमधी कधी बसायचं?"

तेवढ्यात मोनिकाची आत्या कडूबाई उठल्या. ही बाहेरची खोली असून मोठा हॉल आत आहे, याबद्दल त्यांच्या मनात शंकाच नव्हती. त्यांनी स्वयंपाकघर ओलांडलं, मागचं एक दार उघडलं, तिथं पलंग आणि पलंगाखाली टीव्ही निघाला. दुसरं दार उघडलं, तिथं न्हाणीघर निघालं. तिसरं उघडलं तर बाल्कनी लागली आणि घर संपलं. त्या तशाच परत आल्या.

"पुंडलिका," त्या म्हणाल्या, "फुडं घरच नाय."

आता मामा काहीतरी थाप मारणार, हे गोकुळनं ओळखलं. मागच्या बाजूला बांधकाम चालू आहे, असलं काहीतरी ते सांगतील आणि मग ती थाप जन्मभर सांभाळावी लागेल. मोनिकासमोर ते त्याला नको होतं. तो उभा राहिला. हाच तो हॉल, असं त्यानं सांगून टाकलं. कपाटातून दोन्ही लेन्स काढल्या, मोबाईलवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी दाखवले. मी लेन्स निवडत होतो, फोटो तुमच्याकडे जाईल असं माहीत नव्हतं, कळल्यावर मात्र मी गप्प बसलो आणि ती चूक माझी, असं सगळं तो एका दमात बोलला.

मोबाईल हातोहात जिन्यापर्यंत फिरून परत आला.

"मग बायोडाट्यातली शेती बी याच लेन्सनं मोजली का?" कडूबाईंनी विचारलं.

"शेती सातबाऱ्यावर हाय, आक्का," मामा घाईघाईनं म्हणाले.

पुंडलिकराव काही बोलण्याआधी दाराशी कुणीतरी फस्सकन हसलं. मोनिका होती. तिनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. मग ती पुढं आली, तिनं दोन्ही फोटो नीट बघितले आणि वडिलांकडे वळली.

"बाबा, मी आज नाय म्हणायला आले होते," ती म्हणाली. "माणूस पसंत होता. पण तो फोटो बघून माझे हातपाय गळाले. मला आठवड्याला सुट्टी एक. ती सगळी तो हॉल झाडण्यात गेली असती."

"इथं झाडायला काय लागतंय," द्वारकाबाई न राहवून म्हणाल्या. "बसल्या जागी झाडून होतं, माय."

सगळ्यांच्या नजरा पुंडलिकरावांकडे गेल्या. त्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि ते पहिल्यांदाच मांडी मोकळी करून बसले. सुपारीनंतर मुलाकडच्यांना घरी जेवायला बोलवायचं असतं. एवढ्या मोठ्या हॉलमधल्या माणसांना आपल्या घरात बसवायचं कुठं, या काळजीनं ते तीन दिवस झोपले नव्हते. शेवटी चुलतभावाकडे पडवी मागून ठेवली होती, आणि तो चुलतभाऊ आता जन्मभर ऐकवत बसणार होता.

"ती पडवी नको म्हणून सांगतो आता," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की मामांनी लगेच सुपारी पुढं केली.

सुपारी फुटली. जिन्यातल्या मंडळींना लीलाबाईंनी आपल्या घरात बसवलं आणि गोकुळचाच फ्रीज उघडून थंड पाणी दिलं. गोकुळला इतकं हलकं वाटत होतं, की दिवाण एकट्यानं खाली आणायलाही त्यानं मागंपुढं पाहिलं नसतं. कुठली लेन्स ठेवू, असं त्यानं मोनिकाला विचारलं. तिनं सोळाच्या लेन्सवर बोट ठेवलं.

"हिच्यात खोली खोलीएवढीच दिसते," ती म्हणाली. "तुमच्या मॅडमच्या गिऱ्हाइकांनाबी पुढं राहायचंच असंल ना त्या घरात."

निघायच्या आधी सगळ्यांचा एक फोटो हवा, अशी पुंडलिकरावांची इच्छा होती. एवढी भावकी त्या खोलीत टिपायला सोळाची लेन्स पुरेना, म्हणून गोकुळनं नाइलाजानं दहाची लावली. सगळे पलीकडच्या भिंतीशी एकमेकांना खेटून बसले आणि मावले; पुढची मोकळी फरशी फोटोत लांबच लांब पसरली. कडेला उभे असलेले सांडूमामा तेवढे फ्रीजएवढे रुंद आले. पुंडलिकरावांनी फोटो मागून घेतला आणि हौसेनं गावभर पाठवला.

सोमवारी सकाळीच मामांचा फोन आला.

"गोकुळ्या, जे लोक काल आले नव्हते, त्यांनी फोटो बघितला," मामा म्हणाले. "एवढी मानसं बसून बी हॉल अर्धा रिकामाच हाय, मग लगीन बी तिथंच करा म्हनायलेत."

गोकुळनं फोन ठेवला, दहाची लेन्स डब्यात घातली आणि चहाही न घेता दुकानाची वाट धरली. दुकान उघडायला अजून तासभर अवकाश होता. तो शटरसमोरच्या पायरीवर बसून राहिला.