पाणथळीचे सांडपाण्यापासून संरक्षण

पाणी स्वच्छ करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पाणी स्वच्छ करणे आणि दुसरा म्हणजे पाणी स्वच्छ झाले असे लिहिणे. पहिल्याला सात दिवस लागतात आणि पाय चिखलात जातात. दुसरा, एकदा हात बसला, की चहाच्या आधी उरकतो.

ओढ्याकाठच्या त्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात पहिला मार्ग वडिलांकडे होता आणि दुसरा मुलीकडे. वडील कारखान्याची पाणथळ सांभाळत. मुलगी वरच्या मजल्यावर बसून वार्षिक पर्यावरण अहवाल लिही. सकाळी दोघे एकाच बसने येत. फाटकातून आत आले की ते गमबूट चढवून ओढ्याच्या बाजूला उतरत आणि ती जिना चढून पंखा लावी.

शेवटचा साधा दिवस मंगळवार होता. इतका साधा, की नंतर तो आठवायला तिला कष्ट पडले. जेवणाच्या सुट्टीत वडील वर आले. गमबूट त्यांनी दाराबाहेर काढले होते, आणि अंगठ्याशी फाटलेल्या मोज्यांवर ते तिच्या टेबलासमोर उभे राहिले. वहीचे एक पान पुढे केले. दर वर्षी अहवालाच्या दिवसांत ते असेच एक पान घेऊन येत. त्यावर दोनच वाक्ये असत: सांडपाण्याच्या साठ बादल्यांतली एक बादली पाणथळीच्या शेवटच्या वाफ्यातून जाते. उरलेल्या एकोणसाठ पाइपातून थेट ओढ्यात जातात.

मग ते तिला पाइप समजावून सांगत. पाइप कुठून निघतो, झुडपांमागून कसा वळतो, कुठे बाहेर पडतो. टेबलावरची पेन्सिल पाइप व्हायची, स्टेपलर कारखाना आणि तिचा चष्म्याचा डबा ओढा. ती लक्ष देऊन ऐके.

"एवढं घाल गं या वेळी," ते म्हणाले.

"बघते, बाबा."

(‘बघते’ हा कार्यालयीन शब्द आहे. त्यात होकार नसतो, नकार नसतो आणि बघणेही नसते.)

जाता जाता ते म्हणाले, तू खाली कधी आलीच नाहीस, शेवटच्या वाफ्यात आता कितीतरी बेडूक झालेत. ती म्हणाली, अहवाल संपला की येते. बुधवारी सकाळी मोजे घालता घालता ते कॉटवर आडवे झाले आणि उठले नाहीत. बस वेळेवर आली होती.

आता पाणथळीविषयी थोडी माहिती देणे आवश्यक आहे.

बांधीव पाणथळ म्हणजे माणसाने केलेली दलदल. जमिनीत लांबट खड्डा खणायचा, तळाला जाड प्लास्टिक अंथरायचे, वर खडी भरायची, खडीत पाणकणीस आणि लव्हाळे लावायचे. एका टोकाने सांडपाणी सोडले की ते मुळांमधून रांगत दुसऱ्या टोकाला जाते. वाटेत मुळांवरचे डोळ्यांना न दिसणारे जीव त्यातला रंग आणि घाण खातात. या जीवांना पगार, रजा आणि बढती लागत नाही. त्यांची अट एकच असते: पाणी सावकाश आणि थोडे थोडे सोडावे. कारखान्याची अटही एकच होती: पाणी लवकर जावे आणि सगळे जावे.

नऊ वर्षांपूर्वी तीन वाफे तयार झाले, फीत कापली गेली आणि पहिल्याच दिवशी सगळे सांडपाणी आत सोडण्यात आले. अकराव्या दिवशी झाडे मेली. मरण्यापूर्वी ती निळी झाली, कारण त्या आठवड्यात निळ्या कापडाची ऑर्डर होती. चौकशी समिती नेमली गेली (मॅनेजर, मॅनेजरांचे सहायक आणि चहा). समितीने बारकाईने अभ्यास करून असा निष्कर्ष काढला की पाणथळीला सर्वात मोठा धोका सांडपाण्यापासून आहे. सबब, पाणथळीच्या संरक्षणासाठी सांडपाणी तिच्यापासून दूर ठेवण्यात यावे. झुडपांमागून पाइप टाकण्यात आला. तो तात्पुरता होता आणि अजूनही तात्पुरता आहे.

नवीन झाडे आली. त्यांना पाणी तर हवे, म्हणून आठवड्यातून दोनदा पिण्याच्या पाण्याचा टँकर येऊ लागला. पाणथळ अशी फोफावली की बघत राहावे. बदके आली, त्यांच्यामागून पाहुणे आले, पाहुण्यांमागून बाक आले. दर वर्षी तपासनीस येत आणि दुसऱ्या वाफ्याच्या टोकाला बाटली भरून घेत. एका वर्षी ते भारावून म्हणाले, हे पाणी तर मी पिऊ शकतो. मॅनेजरांनी लगेच ग्लास मागवला आणि तपासनीस ते प्यायले. त्यांना काही झाले नाही. टँकरवाल्याला विचारले असते तर त्यानेही हे आधीच सांगितले असते.

एक बारीकशी अडचण होती. टँकरचे पाणी वाफ्यात जाताना जितके स्वच्छ असे, तितके ते बाहेर येताना नसे. शेवटी बदके ती बदकेच. शुद्धीकरणाचे प्रमाण उणे तीन टक्के भरले. त्या वर्षी मुलगी नोकरीत नवी होती. तिने ‘उणे’ गाळले आणि ‘पाण्याच्या गुणवत्तेत तीन टक्क्यांचा लक्षणीय बदल’ असे लिहिले. मॅनेजर खूश झाले. लहानपणापासून भरपूर वाचणाऱ्या माणसाचा असा उपयोग होतो हे तिला तेव्हा कळले.

दोन वाफ्यांचे हे असे. तिसरा, सगळ्यात मागचा, वडिलांनी टँकरला लावू दिला नाही. त्यांनी त्यात खरे सांडपाणी सोडले, पण एखाद्या आजारी माणसाला पेज भरवावी तसे. आधी रोज थोडेसे, दोन दिवस सुट्टी, मग थोडे जास्त. वहीत नोंदी असत: आज जरा जास्त झाले. पान पिवळे. उद्या नको. यात दोन वर्षे गेली. झाडे खुरटी राहिली, कडांना करपल्यासारखी. पण पाणी मात्र दुसऱ्या टोकाला पाण्याच्या रंगाचे बाहेर पडू लागले. मग बेडूक आले. वडील रोज सकाळी बेडूक मोजत, म्हणून रंगखात्यातली माणसे त्यांना बेडूकमामा म्हणू लागली.

पाहुण्यांच्या दृष्टीने हा वाफा अगदीच वाईट दिसे. मॅनेजरांनी त्याच्यापुढे ‘निसर्ग आपला मित्र’ असा फलक उभा केला, म्हणजे मागचे दिसणार नाही. बेडूकमामा एकदा त्यांना म्हणाले होते, साहेब, असे आणखी एकोणसाठ वाफे केले की पाइप काढता येईल; जागा आहे, पाहुण्यांसाठी हिरवळ करताय ना, तिथेच. मॅनेजर मनापासून हसले. म्हणाले, मामा, मग पाहुण्यांना दाखवायचं काय?

तर वडील गेले. मॅनेजर घरी भेटायला आले आणि खरोखर हळहळले. (ते वाईट माणूस नव्हते. वाईट माणसाला इतकी वर्षे कोणी हसतमुख राहू देत नाही.) त्यांनी सांगितले, पाणथळीला मामांचे नाव द्यायचे ठरले आहे. सोमवारी तिथेच शोकसभा घेऊ. स्मृतीसाठी दगडी चौथरा बांधू, वर नाव कोरू. चौथऱ्याला जागा कुठली, तर मागचा वाफा. तसाही तो दिसायला बरा नाही. सभा झाली की लगेच खडी उपसायला घेऊ. आणि भाषण तुम्हीच लिहा, तुम्हीच वाचा. दोन पाने पुरेत, डोळ्यांत पाणी आले पाहिजे, पण अर्ध्या तासात आटोपले पाहिजे.

म्हणजे, माणसाने आयुष्यात जे एकच काम खरे केले, ते बुजवून त्याच्यावर त्याचे नाव लिहायचे. स्मारकाची ही पद्धत जगभर रूढ असल्याने कोणालाच त्यात काही वावगे वाटले नाही. आत्याला तर भरून आले.

"माझ्या भावाचं नाव दगडावर येतंय," ती म्हणाली. "तू आता काही फाटे फोडू नकोस. त्याला तुझं किती कौतुक होतं. म्हणायचा, पोर वर बसते, तिला बिचारीला खालचं काय ठाऊक, मीच नीट समजावून सांगायला कमी पडतो."

मुलीने चहाचे कप उचलले आणि ते आधीच धुतलेले होते तरी पुन्हा धुतले.

रविवारी बसून तिने भाषण लिहिले. ते उत्तम उतरले. पहिल्या पानावर ‘निष्ठा’ तीनदा आणि ‘निसर्ग’ पाचदा होता. दुसऱ्या पानाच्या शेवटी चौथऱ्याची घोषणा होती.

सोमवारी ती तासभर लवकर गेली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा खाली उतरली. फलकाच्या मागे गेली. खडी उपसण्याचे यंत्र आधीच येऊन थांबले होते. त्याचा चालक सावलीत पेपर वाचत होता. वाफा खरोखरच कुरूप होता. तिची ऑफिसची चप्पल चिखलात रुतली, ती काढायला वाकली तेव्हा पायाशी काहीतरी टुणकन उडाले. तिने मोजायला सुरुवात केली. सतरापर्यंत गेली, मग बेडूक जागा बदलू लागले आणि हिशोब चुकला. वडील तो कसा चुकू देत नसत, हे विचारायचे राहून गेले होते.

चालकाने पेपर खाली केला. विचारले, "ताई, काही हरवलं का?"

"नाही," ती म्हणाली. "कधी सुरू करणार तुम्ही?"

"तुमचं भाषण संपलं की."

सभेला गर्दी चांगली झाली. पहिल्या रांगेत मॅनेजर, तपासनीस आणि आत्या. मागे रंगखाते, हातांना त्या आठवड्याचा लाल रंग. तिने पहिले पान वाचले. माना हलल्या. तिसऱ्या ‘निष्ठा’ला आत्याने पदर डोळ्यांना लावला. तपासनीस इतके हेलावले की त्यांनी पाण्याचा ग्लास मागितला.

पहिले पान संपले. दुसरे तिने वाचायला घेतले नाही. लोकांना वाटले, बाईंना गहिवरून आले. मॅनेजरांनी हलक्या आवाजात, धीर देत म्हटले, "घ्या, सावकाश घ्या."

"बाबा," ती म्हणाली, आणि समोरच्या कोणाकडे न बघता बोलू लागली, "पाइप मला पहिल्या वर्षापासून माहीत होता. पहिल्या अहवालात छापायचा नकाशा माझ्याच हातात आला होता. त्यात पाइप होता. मी म्हटलं, नकाशा पानावर मावत नाही, आणि ती कड कापली. मावत होता. तुम्ही दर वर्षी वर येऊन मला समजावत राहिलात, आणि मी पहिल्यांदा ऐकत असल्यासारखी ऐकत राहिले. तुम्ही समजावण्यात कधीच कमी पडला नाहीत."

मागे कोणीतरी हळूच म्हणाले, किती छान बोलतात. दोघातिघांनी माना हलवल्या. तेव्हा तिने मान वर केली आणि सगळ्यांकडे पाहिले.

"या फलकामागचा वाफा बुजवू नका. या कारखान्याचं तेवढंच पाणी खरं स्वच्छ होतं, बाकी सगळं आत्ता, आपण इथे बसलोय तेव्हाही, ओढ्यात जातंय. हे ऐकून तुम्ही घरी जाल आणि म्हणाल, फार सुंदर होतं, अगदी आतून आलेलं. मला कळतं ते. माझंही नऊ वर्षं तेच झालं. लिहिलेलं छान उतरलं, की मला वाटायचं, पाणीही थोडं स्वच्छ झालं असेल."