बायकोची सरासरी

घट झाल्याचं कळलं तो मंगळवार होता. मोजणीदार मागच्या खोलीत गोल्फचे चेंडू मारत होते आणि टॅबलेटवर अक्षरं उमटली, ‘आपली सरासरी एकवीस मीटरने घटली आहे. आपण थकला आहात का, मॅडम?’

मोजणीदारांनी मागे वळून पाहिलं. मॅडम जाऊन चार महिने झाले होते.

गोल्फ बायको खेळायची. मोजणीदारांनी नोकरीभर लोकांच्या जमिनी मोजल्या, पण एवढ्या मोठ्या जमिनीत एवढीशी भोकं कशाला, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं. मागच्या खोलीत तिने जाळी बांधली होती आणि खाली डब्याएवढं एक यंत्र ठेवलं होतं. चेंडू जाळीत अडकायचा. मोकळ्यावर तो किती लांब गेला असता, ते यंत्र टॅबलेटवर सांगायचं. लेक म्हणाली, "बाबा, नुसते बसू नका, गुडघे धरतील." म्हणून त्यांनी स्टिक उचलली आणि सत्तावीस चेंडू हाणले. एकही धड पन्नास मीटर गेला नाही. यंत्राने ते सगळे बायकोच्या नावावर चढवले.

त्यांनी यंत्राच्या कंपनीला फोन लावला.

"मॅडमशी बोलता येईल का?" तिकडच्या मुलीने विचारलं.

"ती नाहीये."

"कधी भेटतील?"

मोजणीदार जरा विचारात पडले. "तसं काही सांगून नाही गेली."

मुलीने समजावलं, "काका, यंत्रात शेवटचे शंभर फटके राहतात. नवा आत आला की सगळ्यात जुना बाहेर. मधला पुसता येत नाही. तुम्ही तुमच्या नावाने वेगळी नोंद करा ना."

"आणि हिच्या नावावर माझा कचरा तसाच ठेवू?"

ज्याने मोजणी बिघडवली त्यानेच ती निस्तरायची, हा त्यांचा नोकरीतला नियम. बायकोची सरासरी होती एकशे अठरा मीटर. ती परत आणायचीच, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून खोकी यायला लागली. हातमोजा आला. कंबर किती वळली ते सांगणारा पट्टा आला. डोकं हललं की शिट्टी वाजवणारी टोपी आली. खिळ्यांचे बूट आले, त्यांनी फरशीवर नांगरट केली. यंत्राने कळवलं, ‘आपली उंची एक फुटाने वाढलेली दिसते.’ तेव्हा मोजणीदार गुडघ्यात वाकून बायकोएवढे झाले आणि तसेच मारू लागले.

"बाबा, गुडघ्यांसाठीच सुरू केलं होतं ना हे?" लेक म्हणाली.

"यंत्राला ओळख पटायला नको?"

चौथ्या दिवशी शेजारचे दातांचे डॉक्टर आले. त्यांचा दवाखाना भिंतीपलीकडेच होता.

"तुमचा चेंडू धडकला की माझा पेशंट तोंड मिटतो. माझं बोट आत असतं हो."

"एकाहत्तर मीटर," मोजणीदार टॅबलेटकडे बघत म्हणाले. "वाढत का नाही?"

डॉक्टर निघाले होते, ते थांबले. "परत मारा बघू. अहो, तुम्ही दात खाऊन मारताय. जबडा आवळला की मान आखडते, मान आखडली की खांदा. आ करा."

मोजणीदारांनी आ केला. डॉक्टरांनी तिथेच माप घेतलं आणि दोन दिवसांत दातांवर बसवायची रबरी पट्टी करून आणली. "आणि ते वाकणं सोडा. यंत्राला काय वाटायचं ते वाटू दे."

पट्टी बसली, गुडघे सरळ झाले आणि चेंडू दीडशेच्या पुढे जायला लागला. डॉक्टर दोन पेशंटांच्या मधे येऊन आकडे फळ्यावर लिहू लागले. गाल बधिर झालेले पेशंटही मागे उभे राहून माना डोलवायचे.

पुढच्या शनिवारी सरासरी एकशे सतराच्या वर गेली. यंत्राने लिहिलं, ‘शाब्बास, मॅडम. फक्त एक चांगला फटका, आणि आपण पूर्वपदावर.’

"लावा निकाल," डॉक्टर म्हणाले.

मोजणीदारांनी पवित्रा घेतला आणि सवयीने आधीच्या नोंदी वरपासून खालपर्यंत तपासल्या. नव्याण्णव फटके त्यांचे स्वतःचे होते. तळाला बायकोचा एकच उरला होता. चांगला फटकाही जुन्याला बाहेर ढकलतोच, हे जन्मभर मोजणी केलेल्या माणसाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांनी तो उघडला. सकाळी सहा चाळीस. सेहेचाळीस मीटर. डावीकडे वाकडा.

"हा कुठला खराब राहिला?" लेकीने वाकून पाहिलं. "हा गेला की झालंच, बाबा."

"मी हाक मारली होती," मोजणीदार म्हणाले. पट्टीमुळे शब्द बोबडे येत होते. "चहा गार होतोय म्हणून. ती तशीच मारता मारता ‘आले, आले’ म्हणाली."

पलीकडून एक पेशंट डॉक्टरांना हाका मारत होता, पण डॉक्टर हलले नाहीत.

मोजणीदारांनी पट्टी काढून रुमालात गुंडाळली आणि स्टिक कोपऱ्यात टेकवून ठेवली. सरासरी एकशे सतरा पूर्णांक चारवर आहे. एक फटका मारायचा राहिला आहे.