आ करा, मी गातो

शनिवारी सकाळी दातांच्या डॉक्टरांनी दवाखान्यात ताटकळलेल्या सगळ्या पेशंटांसमोर जाहीर केलं, की आपण आता हा धंदा बंद करून पूर्णवेळ गाणार. बाकावरच्या एकाने एक गाल धरला होता, त्याने दुसराही धरला.

डॉक्टर गातात ही काही नवी गोष्ट नव्हती. दाढ कोरायचं मशीन सुरू झालं, की त्याच्या घूं आवाजात सूर मिळवून ते जे गायला लागत, ते थेट चूळ भरायला सांगेपर्यंत. इतक्या वर्षांत त्यांच्या गाण्याबद्दल कुणी एक वाकडा शब्द काढला नव्हता. काढणार कसा? तोंडात कापूस, जिभेवर आरसा आणि निम्मा जबडा बधिर. त्यातून एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आलंच, तर डॉक्टरांना वाटे, गाणं काळजाला भिडलं. भल्या भल्या गवयांना असे गप्प बसणारे श्रोते मिळत नाहीत हो. आणि याच श्रोत्यांच्या भरवशावर हा भला माणूस चालत्या दवाखान्यावर पाणी सोडायला निघाला होता.

"दातांत पैसा आहे, पण जीव रमत नाही," डॉक्टर म्हणाले. "उद्या संध्याकाळी समोरच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवलाय. लोकांना आवडला, तर परवा ही खुर्ची विकून टाकतो. नाही आवडला, तर पुन्हा म्हणून तोंडातून सूर काढणार नाही."

काउंटरवर त्यांची बायको बसायची. अख्खा दवाखाना तिला वहिनी म्हणे. ती नुसती पुढच्या पेशंटला आत जा म्हणाली. डॉक्टर आत वळले तसे सगळे काउंटरला येऊन चिकटले. कुणाची कॅप बसायची राहिली होती, कुणाच्या मुलीच्या दातांना तारा लावून झाल्या होत्या, त्या काढणार कोण हा प्रश्न होता. सगळ्यात हवालदिल झाले होते वकील, कारण त्यांचं रूट कॅनॉल अर्ध्यावर होतं. अर्धवट दाढ आणि अर्धवट खटला, दोन्ही झोप उडवतात, हे त्यांना धंद्यामुळे ठाऊक होतं.

"वहिनी, आमची बाजू समजून घ्या," वकील हळू आवाजात म्हणाले. "वाहवा केली, तर डॉक्टर जातात. नाही केली, तर डॉक्टर राहतात, पण त्यांच्या हातात मशीनही राहतं. आम्ही करायचं काय?"

वहिनी म्हणाली, तुमचं तुम्ही बघा. मग जरा थांबून म्हणाली, "घरखर्चाचं मी कसंही भागवीन हो. पण लोक ह्यांना हसले, तर ते मला बघवणार नाही."

दुसऱ्या दिवशी हॉल खचाखच भरला. हौसेने आलेलं त्यात कुणी नव्हतं. आलो नाही हे डॉक्टरांच्या लक्षात राहील, या धाकाने सगळे आले होते. आपसात ठरलंही होतं, की ना टाळी ना नापसंती, तोंड मिटून बसायचं. अपवाद फक्त मास्तरांचा. त्यांचे सगळे दात डॉक्टरांनी कधीच काढून कवळी बसवून दिली होती, त्यामुळे त्यांना कसलीच भीती नव्हती. घरी करमत नाही म्हणून ते आले होते.

डॉक्टर नवा सदरा घालून मंचावर आले आणि समोर बघून गांगरलेच. सगळी तोंडं मिटलेली. मिटलेल्या तोंडांपुढे ते जन्मात गायले नव्हते. सूर लावावा तर मशीनही नाही. पहिला सूर नको तितका वर गेला. दुसरा खाली गेला तो वर येईचना. ते पाणी प्यायले, खाकरले, पुन्हा पाणी प्यायले. मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं.

खरं म्हणजे वहिनीला काहीच करायची गरज नव्हती. कार्यक्रम असाच आपटला असता, तर दवाखाना आपोआप वाचत होता. पण ते हसू ऐकलं आणि ती ताडकन उठली. रस्ता ओलांडून गेली, दवाखान्यातलं छोटं मशीन उचलून आणलं, मंचावर ठेवलं आणि वायर लावली.

"मी सुरू करते," ती म्हणाली. "तुम्ही गा. घाबरायचं नाही."

मशीन घूं करायला लागलं मात्र, सगळ्या हॉलच्या माना मागे गेल्या आणि तोंडं उघडली. कुणी ठरवून केलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, दुसरं काय. वकिलांनी तर खुर्चीचे हातही घट्ट धरले. डॉक्टरांनी ते ओळखीचं दृश्य पाहिलं, त्यांच्या जिवात जीव आला आणि ते गायले. अगदी मोकळ्या गळ्याने गायले. शेवटी सवयीने, "हं, चूळ भरा," असंही म्हणाले.

मशीन थांबल्याच्या आनंदात सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती वकिलांनी. मागोमाग सगळा हॉल कडकडला. मग वकिलांच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच दाढेवर धोंडा पाडून घेतला. त्यांचा चेहरा पडला.

डॉक्टर मात्र वेडे नव्हते. टाळ्या गोड लागल्या तरी ते मंचावरून उतरून सरळ मास्तरांपाशी गेले. "मास्तर, तुमचा एकही दात माझ्याकडे अडकलेला नाही. तुम्ही खरं सांगा, विकू का खुर्ची?"

मास्तरांनी कवळी नीट बसवली. "गळा बरा आहे तुमचा. पण दवाखान्यात ऐकायचो, तेव्हा त्या गाण्याचा आधार वाटायचा. हा माणूस गातोय, म्हणजे आपलं फार काही बिघडलेलं नसणार, असं वाटायचं. आज काही दुखतच नव्हतं, डॉक्टर. मग नुसतं गाणंच उरलं."

डॉक्टरांनी मंचावर जाऊन वायर काढली. मग बायकोला म्हणाले, चल, मशीन उचलू. मशीन घेऊन दोघांनी रस्ता ओलांडला. तिला दवाखाना वाचल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण नवरा असा मान खाली घालून चाललेला बघून तिला रडूच येत होतं.

सोमवारी खुर्चीत पहिले वकील होते. डॉक्टरांनी कापूस ठेवला, मशीन सुरू केलं आणि शब्दाला जागत गप्प राहिले. आता नुसतं मशीनच ऐकू येत होतं. दाढेतलं खरखरणं थेट मेंदूपर्यंत जात होतं. वकिलांनी थोडा वेळ सोसलं, मग डॉक्टरांचं मनगट धरलं आणि तोंडातला कापूस काढून हातात घेतला.

"डॉक्टर, गा हो."

"नाही. मी सांगितलं होतं, पुन्हा सूर काढणार नाही."

"ते हॉलमध्ये. इथे गा, नाहीतर मी उठतो. हे असं सहन होत नाही."

बाहेर बाकावरूनही दोघंतिघं म्हणाले, की गा डॉक्टर, आमचाही नंबर आहे. डॉक्टरांनी मशीन खाली ठेवलं. त्यांनी दारातून बायकोकडे पाहिलं. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि काउंटरवरूनच सांगितलं, "गाण्याचे वेगळे पडतील."

वकिलांनी आयुष्यात पहिल्यांदाच घासाघीस न करता कबूल केलं, आणि डॉक्टर घसा साफ करायला लागले.