पाठीला कान लावणारे अप्पा

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्य-कापसाच्या बाजारात, तुम्ही पाठमोरे उभे असताना एकाएकी कुणी तुमच्या पाठीला कान लावला तर दचकायचं नाही, असं बाहेरगावच्या माणसाला आम्ही आधीच सांगून ठेवायचो. ते गुरुलिंगअप्पा असायचे. कान लावायचे, डोळे मिटायचे, आणि तुम्ही "अहो, हे काय" म्हणायला तोंड उघडलं की एक बोट वर करायचे.

"थांब. तुझं शरीर बोलायलंय. तू गप बस."

शरीराचं ऐकून झालं की तुमची पाळी. तीही त्यांच्या प्रश्नांपुरती. झोप लागते का, कुठल्या कुशीवर निजतोस, भूक कधी लागते, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, परसाकडं साफ होते का. हा शेवटचा प्रश्न ते धान्याच्या थप्पीपलीकडून ओरडून विचारायचे. माझं लग्न जुळत होतं तेव्हा सेलूचे पाहुणे आमच्या ओट्यावर बसले होते. अप्पा रस्त्यानं चालले होते, मला बघून थांबले. "दत्तू, काल सांगितलं तसं केलं का? झाली का मोकळी?" भावी सासरे पान चघळायचे थांबले. लग्न झालं, पण पुढं सासरे जेव्हा जेव्हा भेटले तेव्हा मुलीच्या आधी माझ्या पोटाची चौकशी करायचे.

ही गोष्ट निजामाच्या राज्यातली. मी तेव्हा मामाच्या आडतीवर लिहायला होतो. दिवसभर मांडी घालून वाकलेलं राहायचं, त्यानं वयाच्या विशीत माझी पाठ म्हाताऱ्यासारखी झाली होती. अप्पांनी मला त्या पाठीवरूनच पकडलं. त्यांचं घर लिंगायताचं. थोरल्या भावाचं किराणा दुकान होतं, आणि अप्पांनीही तिथं गूळ-मिठात आयुष्य काढावं अशी घरची अपेक्षा होती. पण तरुणपणी ते कर्नाटकाकडच्या एका मठात जाऊन राहिले, तिथल्या स्वामींकडून आसनं शिकले, आणि परत आले ते हा कान घेऊनच. लग्न केलं नाही. भावाच्या घरात मागच्या खोलीत राहायचे आणि पहाटे कापसाच्या जीनमधल्या, म्हणजे सरकी काढायच्या गिरणीतल्या, एका रिकाम्या शेडात आमचा वर्ग घ्यायचे.

वर्ग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर माणसं रांगेनं एकसारखी वाकलेली येतील. तसलं तिथं काही नव्हतं. अप्पा कुणालाच दुसऱ्यासारखं काही करू द्यायचे नाहीत. मी पुढं वाकलेलो, म्हणून मला मागं झुकायचं. करीमचाचा शिंपी दिवसभर मशीनवर मान घालून बसायचे, त्यांनी फक्त मान आणि खांदे. एका सावकाराचा मुलगा मोठ्या हौसेनं आला. म्हणाला, "मला शीर्षासन शिकवा." अप्पांनी त्याला उताणं पाडलं. दुसऱ्या दिवशीही उताणं. तो चिडला. "अप्पा, किती दिवस असंच मेल्यासारखं पडून राहायचं?"

"नीट मेल्यागत पडशील तवा सांगतो. आजून तुझा जबडा जिता हाय."

तो मुलगा शेवटपर्यंत उलटा झाला नाही. पण रात्री दात खायचा तो थांबला, असं त्याची आई माझ्या आईला सांगत होती.

आणि सखाराम. हा मोंढ्यातला हमाल. कापसाची गठाण पाठीवर घेऊन धावायचा. तो महारवाड्यातला, म्हणून पहिल्या दिवशी शेडाच्या दाराबाहेरच उभा राहिला. अप्पा त्याला हाताला धरून आत घेऊन आले, पालथं निजवलं आणि त्याच्या पाठीवरून मणका मणका बोटं फिरवली. गावात कुजबुज झाली. गावातल्या लिंगायत मठातली दोन वजनदार माणसं समजवायला आली. अप्पा त्यांना म्हणाले, "याच्या अंगावर जात कुठं चिकटलीय ते मी लय शोधलं. मला तर कंबरदुखीच सापडली. तुमाला दिसत आसंल तर दावा, तेवढ्या जागेला हात लावत न्हाई." ती माणसं निघाली तेव्हा अप्पा त्यांच्यातल्या एकाच्या पाठीला कान लावून मोकळे झाले होते.

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब आले. तेव्हा कुठं चार माणसं व्यायामाला जमली तरी सरकारला संशय यायचा. साहेब दारातूनच गरजले, "क्या चल रहा है यहाँ? परवाना है?" आम्ही गारठलो. अप्पा साहेबांच्या बुटांकडे बघत होते.

"साब, तुमी डाव्या पायावर लय भार टाकायलाव."

"क्या?"

"उजवीकडं कंबर धरते ना? घोड्यावरनं उतरताना?"

साहेबांनी उजव्या कंबरेवर हात ठेवला. मग शिपायाला बाहेर पाठवलं, पट्टा काढला आणि आमच्यात येऊन आडवे झाले. परवान्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. साहेबांची बदली होईपर्यंत आठवड्यातून एकदा त्यांचा घोडा शेडाबाहेर बांधलेला असायचा.

असं सगळं बरं चाललं होतं. मग एका हिवाळ्यात अप्पा बदलले.

कापसाचा हंगाम जोरात होता. अप्पा पहाटे यायचे, पण आमच्यात यायचे नाहीत. लांब उभे राहून ओरडून सांगायचे. "चाचा, मान! दत्तू, छाती वर!" उभे राहायची जागाही रोज वेगळी. कधी पुढच्या दारात, कधी मागच्या, कधी बाहेर लिंबाखाली. आल्या आल्या जमिनीवरचा कापसाचा फुसका पुंजका उचलायचे, हवेत सोडायचे, तो कुठं जातो ते बघायचे आणि मग जागा ठरवायचे. आम्हाला वाटलं, मठातला नवीन काही विधी असेल. करीमचाचांनी त्यांची नक्कल करून आम्हाला पोट धरून हसवलं होतं.

पण त्यांनी हात लावायचं बंद केलं. कान लावायचंही. आधी आम्हाला सुटल्यासारखं वाटलं. मग चुकल्यासारखं वाटायला लागलं.

त्यातच एक दिवस सखारामच्या पाठीत गठाण उचलताना उसण भरली. तो भिंतीला धरत धरत शेडात आला आणि पालथा निजला. डोळे मिटून वाट बघत राहिला. अप्पा बाहेरून धावत आत आले, चार पावलं आले आणि एकदम थांबले.

"दत्तू," ते म्हणाले, "तू दाब त्याची पाठ. मी सांगतो कुठं ते."

मी पुढं झालो. पण सखाराम तोवर उठून बसला होता. कळ दाबत त्यानं बंडी अंगात चढवली.

"अप्पा, तुमाला सांगितलं ना लोकांनी?"

"काय?"

"माज्या अंगाला हात लावू नगा म्हून."

अप्पांनी तोंड उघडलं. काहीतरी सांगायला उघडलं होतं, ते मला दिसत होतं. पण बोलले नाहीत. सखाराम वाकून वाकून निघून गेला. करीमचाचा आपली टोपी झटकत उठले. "हमको भी कहाँ छूते हैं अब," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दोघंही आले नाहीत. आठवडाभरात शेडात मी आणि तो जबडेवाला मुलगा, एवढेच राहिलो.

मला राग आला होता. एका दुपारी मी तडक अप्पांच्या भावाच्या घरी, त्यांच्या मागच्या खोलीवर गेलो. अप्पा दारात उन्हाला बसले होते. मला बघितलं आणि हात वर केला.

"तिथंच. तुळशीपाशीच थांब."

"अप्पा, तुमी पण?" मी म्हणालो. "त्या सखारामनं तुमच्यापायी त्याच्या भावकीत बोलणी खाल्ली. आन् तुमी आता लोकांचं ऐकायलाव?"

ते हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. थांबेचना. तोंडाला लावलेलं फडकं त्यांनी पटकन मुठीत दाबलं, तरी त्यावरचा लाल डाग मला दिसला. त्यांच्या शेजारी एक ताट, एक तांब्या, वेगळा ठेवलेला.

"परभनीच्या डाक्टरला दावून आलो," दम लागलेल्या आवाजात ते म्हणाले. "क्षय हाय. मला आधीच कळालं होतं म्हना. आपल्या पाठीला कान लावता येत न्हाई, पर आतून ऐकू येतं."

मी विचारलं, "मग त्या दिवशी सखारामला का नाही सांगितलं?"

अप्पा अंगणातल्या मातीकडं बघत राहिले.

"सांगितलं आसतं तर दुसऱ्या दिवशी शेडात कोन आलं आसतं, दत्तू? मला वाटलं, आजून थोडे दिवस... वारं बघूनच उभा राहत होतो ना मी. माझ्याकडचं वारं तुमच्याकडं एकदाबी येऊ दिलं न्हाई."

तेव्हा मला तो हवेत सोडलेला कापूस कळला.

मी तिथून थेट मोंढ्यात गेलो. सखारामला एका बाजूला घेतलं आणि सांगितलं. तो गठाणीवर बसला. बराच वेळ त्यानं डोक्याचं फडकं सोडलं आणि बांधलं, सोडलं आणि बांधलं. मग म्हणाला, "मी त्यांना काय बोललो, मालक." आणि त्या दिवशीचं काम टाकून उठला.

पण अप्पा घरात राहिलेच नाहीत. भावाच्या घरात लेकरं होती, म्हणून स्वतःच हट्ट करून ते स्टेशनच्या वाटेवरच्या शेतात, झोपडीत राहायला गेले. सखाराम, करीमचाचा आणि मी तिथं गेलो तर बांधावरच अडवलं. सखारामनं हात जोडले. डोक्याच्या फडक्यानं डोळे पुसले. अप्पा झोपडीतून ओरडले, "रडू नगंस, पाठ आखडती. चालून दाव बरं." भर शेतात सखाराम हरभऱ्याच्या कडेकडेनं इकडून तिकडं चालला. अप्पा बघत होते. "बराय. वजन घेताना श्वास सोडत जा." मग आम्हाला म्हणाले, "आता कोनी यायचं न्हाई. आलात तर मी बोलनार न्हाई." आम्ही तरीही गेलो. ते खरंच बोलले नाहीत. आमच्याकडं पाठ करून बसायचे, आम्ही निघेपर्यंत.

उन्हाळा लागायच्या आत ते गेले.

लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात, मांडी घालून, हातात लिंग देऊन. पण बसवायचं म्हणजे अंगाला हात लावायचा, आणि रोगाच्या भीतीनं भावकीतली माणसं बांधावरच्या लिंबाखालीच थांबली होती. जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, खड्ड्यापाशी उभे. भाऊ रडत होते, पण त्यांचेही पाय पुढं होईनात. सखारामनं बंडी काढून बाजूला ठेवली आणि झोपडीत शिरला. कुणीतरी चुळबुळ केली, "हा कसा...?" भाऊ म्हणाले, "लावू द्या. त्यालाच लावू द्या." करीमचाचा आणि मी मागोमाग गेलो. आम्ही अप्पांना आंघोळ घातली. अंगावर मांस राहिलंच नव्हतं. सखारामनं त्यांना लेकरासारखं दोन हातांवर उचलून आणलं.

माती देऊन झाल्यावर माणसं लवकर पांगली. पार्वतीवहिनी, अप्पांच्या भावाची बायको, झोपडीतली भांडी गोळा करत होत्या. रोज दुपारी अप्पांचं जेवण घेऊन यायच्या त्या एकट्याच. बांधावरच्या दगडावर भाकरी-भाजी ठेवायची आणि मागं सरायचं, असं अप्पांनीच ठरवून दिलं होतं.

"लय तरास दिला मला शेवटी," ताट घासता घासता वहिनी म्हणाल्या. "कदी कुनाला नावं ठिवली न्हाईत जन्मात. आन् हितं आल्यापसनं रोज काही ना काही. भाकर जाड झाली, मिरची लय झाली. मी बांधावर उभी राहून भांडायची, ते झोपडीतनं भांडायचे. उन्हात माझं डोकं तापायचं, म्हनायची, आता उद्यापसनं ठिवून सरळ निघून जाईन."

त्यांनी ताट उपडं ठेवलं.

"परवा घरात भाजीच नव्हती. नुसतीच भाकर आन् कांदा आनला. ठिवला आन् वळले. तर मागनं हाक मारली. म्हनले, वहिनी, थांबा की, भाजीत मीठ न्हाई."