घशातलं पावणं

बापूमामा आपल्या घशातल्या कफाशी बोलायचे. हे मी चेष्टेनं लिहीत नाही. सकाळी चहाच्या आधी ते दारात बसायचे, मान खाली घालायचे आणि हळूच म्हणायचे, "उठा पावणं, उजाडलं." मग खाकरायचे. आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीतून ते खाकरणं असं यायचं की फळीवरचा माझा पेला वाजायचा. कफ मात्र जागचा हलायचा नाही. "आजबी मुक्काम हाय म्हणत्यात," मामा सांगायचे आणि चहा मांडायचे.

हे पावणं अकरा वर्षं मुक्कामाला होतं.

शिवाजी पेठेत मी मामांच्या शेजारच्या खोलीत भाड्यानं राहतो. गाव शाहूवाडीकडं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला, आणि बीएस्सी होऊन लॅबमध्ये लागलेलाही मीच. लोकांच्या थुंकीच्या डब्या तपासणं हे माझं काम. सांगायला लाज वाटत नाही. मामा मला "काय बीएस्सी" अशी हाक मारतात. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, ते मला अजून कळलेलं नाही.

मामांनी शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरले. काळी वाळू, धूर, वर तंबाखू. मामी मी इथं यायच्या वर्षभर आधी गेलेल्या. मुलगी लग्न होऊन निपाणीला. घरात मामा आणि त्यांचं पावणं, दोघंच. गल्लीनं उपाय सुचवायचं बाकी ठेवलं नव्हतं. ज्येष्ठमध झालं, अडुळसा झाला, हळदीचं दूध झालं. तालमीतल्या एकानं कच्ची अंडी सांगितली, तीही महिनाभर गिळून झाली. मामा म्हणाले, "पावण्यास्नी मानवली. अंगानं भरल्यात."

शेवटी मीच त्यांची डबी लॅबमध्ये नेली. क्षयाचे जंतू नव्हते. छातीचा फोटोही स्वच्छ. मग त्यांना घशाच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी दुर्बीण घालून पाहिलं आणि सांगितलं, की रात्री तिखट रस्सा खाऊन लगेच आडवं झाल्यामुळं पोटातलं आम्ल वर येतं आणि घसा भाजतो. त्यात खाकरून खाकरून तो सोलला जातो. सोललेला घसा स्वतःला जपायला आणखी कफ धरतो. म्हणजे खाकरण्यानंच कफ वाढतो. जेवण लवकर करा, खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाला, तंबाखू सोडा, आणि खाकरावंसं वाटलं की पाण्याचा घोट घेऊन गिळा. हे जमलं नाही तर आवाज कायमचा जाईल.

मामांनी विटा घातल्या. तंबाखू सोडली. खाकरणं सोडलं नाही. आवाज तर एव्हाना फाटत चालला होता. फोनवर मुलीला तो ओळखू येईना. मी चिडून विचारलं, की मुकं होऊन बसायचंय का तुम्हाला?

त्यांचं एक खाकरणं मात्र वेगळं होतं, आणि ते मला आवडत नव्हतं. परसात आम्हा दोघांची मिळून एक न्हाणी आहे. तिचं दार सताड उघडं असायचं, आत कोणी नाही हे लांबून दिसायचं. तरी मामा टॉवेल खांद्यावर घेऊन पाच पावलं अलीकडं थांबायचे. दोनदा खाकरायचे. मग कान दाराकडं करून उभे राहायचे. त्या वेळी डोक्यावरचा कावळासुद्धा त्यांना दिसत नसावा. बराच वेळ गेला की मान खाली घालून आत जायचे. भर उन्हात, खिडकीतून ते बघताना माझ्या अंगावर काटा यायचा. ते कुणाची तरी वाट बघत होते.

एका रविवारी मी न्हाणीत होतो. कडी आतून लावलेली. अंगावर पाणी घेणार तोच बाहेर मामा खाकरले, दोनदा. आमच्या गावी न्हाणीला कडी नसते. बाहेरच्यानं खाकरायचं, आत कोणी असेल तर त्यानं उलट खाकरायचं. लहानपणापासूनची सवय. माझ्याही नकळत मी खाकरलो.

बाहेर बादली पडली. मग अगदी दाराला तोंड लावून कुणीतरी विचारलं, "हायस व्हय गं आत?"

तो आवाज मामांचा होता, पण मी तो आधी कधी ऐकला नव्हता. मी ओला तसाच बाहेर आलो. मामा भिंत धरून उभे होते. मला बघून खाली बसले.

मग सांगू लागले. या न्हाणीलाही पूर्वी कडी नव्हती. मामी गेल्यावर मालकानं बसवली. मामा खाकरायचे, मामी आतून खाकरायच्या. पण मामांचं खाकरणं दिवसभर सुरूच. मामींना कळेना, की हे न्हाणीसाठी खाकरतायत का घशासाठी. त्यांनी ओ द्यायचं सोडून दिलं.

"त्या दिवशी दोनदा खाकरलो," मामा म्हणाले. "ओ न्हाय. म्हटलं, वैतागली असंल. पेपर वाचत बसलो. अर्धा तास बसलो बघ." मग त्यांनी दार लोटलं, तेव्हा मामी आत पडलेल्या होत्या.

मी म्हटलं, चुकलो मामा, पुन्हा ओ देणार नाही.

"आत असलास तर द्यायाचीच," ते म्हणाले. "गप बसायचं न्हाय."

त्या दिवसापासून मामांनी पाण्याची बाटली कमरेला बांधली. घशाला आलं की घोट घ्यायचा, डोळे मिटून गिळायचं. पहिले काही दिवस डोळ्यांतनं पाणी यायचं. महिन्याभरात कफ पातळ झाला, दोन महिन्यांत आवाज परतला. भिंतीपलीकडून काही ऐकू येईना. खरं सांगतो, सुरुवातीला मला त्या शांततेचीच भीती वाटायची.

परवा दुपारी मी जेवत होतो. पलीकडून खाकरल्याचा आवाज आला. एकदाच, स्वच्छ. मी ताट तसंच टाकून पळत गेलो, हात खरकटाच. मामा पाटावर बसले होते, धडधाकट. समोर वाढलेलं ताट.

"काय झालं मामा?"

"काय न्हाय," ते म्हणाले. "बघितलं, येतंय का कोण."

मग त्यांनी दुसरा पाट माझ्याकडं सरकवला.