मुअल्लिम सुब्हीनं छप्पर काढलं

२०१० सालच्या वसंतात सरकारनं हुकूम काढला, की यापुढे छपराखाली चारचौघांत कुणी धूर काढायचा नाही. सिगारेट नाही, हुक्का नाही. ज्याला ओढायचं त्यानं उघड्या आकाशाखाली ओढावं. मोडेल त्याला दंड. दमास्कसला हुकूम नवे नव्हते. पण आजवरचे हुकूम माणसाच्या जिभेपर्यंत आले होते, हुक्क्याच्या नळीपर्यंत आले नव्हते.

बहीजानं शेंगा सोलता सोलता रेडिओवर ही बातमी ऐकली आणि नवऱ्याला सांगितली.

"ऐकलंत का? तुमचा हुक्का गेला."

"हं," अबू रातिब म्हणाला.

घरात त्याची भाषा एवढीच. "हं", "आण" आणि "मीठ". थोरला मुलगा रातिब, म्हणून गल्ली त्याला अबू रातिब आणि बहीजाला उम्म रातिब म्हणे. दोऱ्या-बटणांचं दुकान पुतण्याच्या हवाली केल्यापासून तो सबंध सकाळ घरी असे. बहीजा बोले आणि तो जेवे. बाजारात कोण कुणाला काय म्हणालं, कुणाच्या सासूनं काय प्रताप केला, सगळं ती नकला करून सांगे. तो ताटाकडे बघत असे. तिसऱ्या प्रहरची नमाज झाली की टोपी चढवून निघाला शेजारी, सुब्हीच्या कहवाखान्यात. सुब्हीला सगळे मुअल्लिम, म्हणजे उस्ताद, म्हणत.

कहवाखान्याची आणि तिच्या घराची भिंत एकच होती. मुळात तेही कुणाचं राहतं घर. सुब्हीच्या बापानं मधल्या चौकावर पत्रे घातले, खुर्च्या मांडल्या आणि निखारे पेटवले. त्या पत्र्यांखालून रोज संध्याकाळी हसण्याचा गडगडाट उठे, आणि त्यात आपल्या नवऱ्याचं हसणं बहीजाला बरोबर ओळखू येई. लग्नाला चाळीस वर्षं होत आली होती. एवढी वर्षं तिनं ते हसणं भिंतीतून ऐकलं होतं. तो तिथं असं काय ऐकतो, आणि त्यातलं चिमूटभर घरी का आणत नाही, एवढंच तिला एकदा कळायला हवं होतं. बायकांनी कहवाखान्यात जायची रीत नव्हती. विचारलं तर तो म्हणे, "हं."

थोड्याच दिवसांत सुब्हीकडे इन्स्पेक्टर आला. नवरस नावाचा, टाय लावलेला, फार सभ्य माणूस.

"मुअल्लिम, छपराखाली हुक्का चालणार नाही."

"हे छप्पर कुठलं, साहेब? चार पत्रे आहेत."

"आकाश दिसतं का?"

"मनात आणलं तर दिसतं."

"मला दिसत नाही," नवरस म्हणाला, आणि दंडाची पावती फाडली.

हुक्क्याविना कहवाखाना म्हणजे नवरदेवाविना वरात. गिऱ्हाइकं येत, चहाचा पेला संपेपर्यंत बसत, हातांचं काय करावं हे न कळून उठून जात. शेवटी सुब्ही चिडला. "सरकारला आकाश पाहिजे ना? घ्या आकाश!" म्हणत त्यानं शिडी लावली आणि बापानं घातलेले पत्रे एकेक करून उतरवले. नवरस पुन्हा आला, वर पाहिलं, एक पाकोळी उडत गेली ती पाहिली, चहा प्यायला आणि गेला.

त्या संध्याकाळी चौकात नुसती ईद होती. अबू वहीब न्हाव्याला डॉक्टरनं हृदयासाठी धूर बंद सांगितला होता. त्यानंच सर्वांत लांब झुरका घेतला. "माणसाच्या छातीवर त्याचाच हक्क पाहिजे," तो म्हणाला. "सरकारचा काय संबंध?"

"अबू वहीब! डॉक्टर काय म्हणाला होता?"

अबू वहीबनं दाराकडे बघितलं, खुर्चीमागे बघितलं आणि मग हळूहळू मान वर केली. वरून हाक आली म्हणजे आपलं बोलावणंच आलं, असं वाटून तो पांढरा पडला होता. पण वर फक्त बहीजाची गच्ची होती. कठड्यावरून त्याची बायको उम्म वहीब वाकून बघत होती आणि तिच्या शेजारी हातात ओला सदरा धरून बहीजा. पत्रे होते तोवर त्या कठड्यावरून पत्रेच दिसत. आता सगळा कहवाखाना परातीतल्या भातासारखा उघडा पडला होता.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या चार बायकांना बहीजाच्या गच्चीवर एकदम कामं निघाली. कुणी कपडे आणले, कुणी भेंडीच्या माळा, एकीनं तर सरळ कॉफीचं भांडंच आणलं.

"हा दुसरा हुक्का आहे तुमचा, मी मोजतेय!"

"येताना ब्रेड आणा. कालच्यासारखा शिळा नको!"

"अबू वहीब भाई, समोरच्याच्या मुठीत फासा आहे बरं का! बघा, बघा!"

फासा निघाला. खेळ मोडला. सुब्ही धावत मुख्तारकडे गेला. हा मोहल्ल्याचा वडीलधारा.

"शेजाऱ्याच्या चौकात डोकावणं पाप आहे, असं तुम्हीच सांगता ना?"

"बायकांच्या चौकात रे," मुख्तार म्हणाला. "साठ वर्षांत पुरुषांसाठी पडदा मागायला आलेला तू पहिलाच." आणि इतका हसला की त्यालाच ठसका लागला.

सुब्हीनं ताडपत्री आणली. ती बांधून होते न होते तोच नवरस हजर. "ताडपत्री म्हणजे छप्परच, मुअल्लिम."

"बरं, छत्र्या?"

"छत्रीसुद्धा."

"मग ह्या बायकांना तरी गच्चीवर यायची बंदी घाला!"

नवरसनं वर बघितलं आणि लगेच नजर खाली घेतली. "ते आमच्या खात्याकडे येत नाही," तो म्हणाला. "शिवाय माझा आत्ताच साखरपुडा झालाय."

मग पुरुषांनी आपापलं डोकं चालवलं. बहीजाच्या भिंतीला अगदी चिकटून बसलं की वरच्या कठड्यावरून माणूस दिसत नाही, असा शोध अबू वहीबला लागला. सगळ्या खुर्च्या त्या एका भिंतीशी येऊन दाटल्या. बाकीचा चौक ओस. दिसत कुणीच नव्हतं, पण सगळ्या हुक्क्यांचा धूर आता भिंतीवरून सरळ गच्चीवर चढू लागला. चादरींना सफरचंदाच्या तंबाखूचा वास लागला, भेंडीच्या माळा काळवंडल्या.

"ओढायचं त्यांनी आणि खोकायचं आपण!" म्हणत उम्म वहीबनं आपल्या माळा उचलल्या. एकेक करून सगळ्या बायका खाली उतरल्या.

एकटी बहीजा राहिली. रुमालानं नाक झाकून ती कठड्याच्या आतल्या बाजूला जमिनीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी उठवेना. खुर्च्या भिंतीशी आल्यामुळे आता तिला नुसतं हसणं नाही, शब्दही ऐकू येत होते.

आणि बोलत होता तो अबू रातिब.

तोच माणूस! आवाज चढवून, उतरवून, मधेच बायकी आवाज काढून. "तर मुलाची आई मुलगी बघायला आली. आली ती आली, कॉफी बाजूला ठेवली आणि मुलीची वेणी धरून ओढली. खरी आहे की खोटी बघायला! माझी आजी कोपऱ्यात बसली होती…"

माझी आजी? बहीजानं नाकावरचा रुमाल काढला. ती हिची आजी होती! कालच दुपारी, कोशिंबीर वाढता वाढता, हिनंच त्याला सांगितलं होतं आणि तो ताटाकडे बघत होता.

"आजी उठली, मुलाच्या आईजवळ गेली आणि तिचेच केस धरून ओढले. तर काय, सगळा टोपच हातात!"

खाली हशा पिकला. बरा होता, पण अर्धाच. कारण गोष्ट तिथं संपत नव्हती. गोष्टीचा जीवच पुढे होता आणि हा माणूस तो विसरून हुक्क्याला तोंड लावत होता. बहीजाला राहवलं नाही. ती उठली, कठड्यावरून वाकली आणि ओरडली,

"अहो, पुढचं सांगा ना! आजीनं टोप तिच्या हातात दिला नि म्हणाली, 'हा घ्या तुमचा. आता मुलाला बोलवा, त्यालाही जरा ओढून बघते!'"

 मग असा गडगडाट उठला, की रस्त्यावरची माणसं दारात जमली. त्यात कुणीतरी म्हणालं, "अरे, म्हणजे इतकी वर्षं माल हिचा आणि दुकान ह्याचं!"

अबू रातिबनं नळी खाली ठेवली, टोपी घातली आणि तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो गेला नाही. तिसऱ्या दिवशी घरातल्या चौकात, लिंबाच्या झाडाखाली त्यानं आपला हुक्का मांडला. सरकारची हरकत नव्हती, वर आकाश होतं. कुठल्याही बायकोनं मागावं ते बहीजाला मिळालं. नवरा संध्याकाळी घरी. पण तो बोलेना आणि हसेनाही. आता तर भिंतीपलीकडूनही हसणं येईना.

"आज भाजीवाल्याकडे काय झालं माहितीय?" तिनं सुरुवात केली.

त्यानं हात वर केला. "नको सांगूस."

"का?"

"ऐकलं की सांगावंसं वाटतं."

बहीजा स्वयंपाकघरात गेली आणि उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुवत उभी राहिली. म्हणजे हा ऐकत होता. इतकी वर्षं ताटाकडे बघत एकेक शब्द गोळा करत होता. माझं बोलणं एवढं आवडत होतं आणि मला एकदा सांगता आलं नाही मेल्याला! ती रडली आणि मग तिला हसूही आलं.

सुब्ही दारात येऊन गेला. "अबू रातिब, तुमच्याशिवाय निखारेसुद्धा नीट पेटत नाहीत हो."

"हं," अबू रातिब म्हणाला.

मग एका संध्याकाळी बहीजानं उम्म वहीबला गच्चीवर बोलावलं आणि कठड्याशी उभी राहून मोठ्यानं गोष्ट सांगायला घेतली. तिचा मामा गाढव विकायला निघाला आणि संध्याकाळी स्वतःचंच गाढव दुप्पट भावानं विकत घेऊन घरी आला, ती. खालच्या खुर्च्यांनी कान टवकारले. आणि बहीजानं गोष्टीची पार माती केली. गाढवाचं खेचर झालं, मामाचा काका झाला, शेवट आधी आला.

खाली घरच्या चौकात खुर्ची करकरली. तिनं सांगणं थांबवलं नाही. "…आणि मग तो घोडा म्हणाला…"

"घोडा कुठला, बाई!" जिन्यावरून अबू रातिब धापा टाकत वर आला. "अगं, तसं नाही ते! व्यापाऱ्यानं गाढवाला आधी काळा रंग दिला, ते राहिलं ना!" कठड्याशी येऊन त्यानं खाली बघितलं. सगळा कहवाखाना माना वर करून उभा होता. आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यानं गोष्ट पहिल्यापासून सांगितली, खेकसत, हातवारे करत. अगदी शेवटच्या वाक्याशी येऊन थांबला आणि बायकोकडे बघितलं.

"बोल," तो म्हणाला. "तुझा मामा आहे."

तो उन्हाळा तसाच गेला. तो खाली बसे, ती वर बसे. शेवटचं वाक्य नेहमी वरून येई. नवरससुद्धा ड्युटी संपली की येऊन बसे, आणि गच्चीवर बायका धुरानं खोकत खोकत हसत.

पावसाळी गारठा आला तसे सुब्हीनं पत्रे पुन्हा चढवले. पुढच्या वर्षी देशात लढाई पेटली आणि शहरावर निराळाच धूर दिसू लागला. मग हुक्क्याच्या धुराची चौकशी करायला कुणाला सवड राहिली नाही.

सुब्ही तुर्कस्तानात मर्सिनला गेला, तिथं बंदरावर चहा विकतो. डॉक्टरनं ज्याची आशा सोडली होती तो अबू वहीब अजून त्याच गल्लीत आहे. उम्म वहीब मात्र वारली. तो निरोप पाठवतो, की ओरडणारं कुणी नाही म्हणून हुक्का अर्ध्यातच विझतो. नवरसचं लग्न झालं एवढं कळलं होतं. त्यानंतर काहीच कळलं नाही. दोन्ही घरांमधली ती भिंत पडली. बाजू कुणाची कुठली हे आता सांगता येत नाही म्हणे.

बहीजाला आणि अबू रातिबला मुलानं जर्मनीत नेलं. तिथल्या घरात ओढायला मनाई, सज्जात मनाई, जिन्यात मनाई. अबू रातिबला त्याचा त्रास झाला नाही. तंबाखू त्यानं गाव सोडतानाच सोडली होती. तरी तो रोज संध्याकाळी कोट घालून समोरच्या स्टेशनवर जातो. तिथं फलाटावर पिवळ्या पट्ट्यांनी एक चौकोन आखलेला आहे. ओढणाऱ्यांनी त्या पट्ट्यांच्या आत उभं राहायचं, बाहेर पाऊल टाकायचं नाही. न ओढणारा तो एकटाच त्यात जाऊन उभा राहतो, कारण फलाटावर माणसं एकमेकांशी बोलतात ती तेवढ्याच जागेत.

बहीजा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून बघते. काच दुहेरी आहे, काही ऐकू येत नाही. दुपारी तिनं त्याला खालच्या मजल्यावरच्या विधवेची आणि तिच्या कुत्र्याची गोष्ट सांगितली होती. परवा तिनं पाहिलं, चौकोनात सात-आठ माणसं होती, सिगारेटी नुसत्याच जळत होत्या आणि मध्ये अबू रातिबचे दोन्ही हात वर होते. गाडी आली. दारं उघडली, थोडी थांबली आणि पुन्हा मिटली. चौकोनातलं कुणीही गाडीत चढलं नाही.